दर दसऱ्याला एक किक

दादाच्या दहाव्याला कावळा शिवेना.

शहाडजवळ उल्हास नदीच्या काठी आम्ही सकाळी नऊला पोहोचलो होतो. गुरुजींनी पिंड मांडले, आम्ही मागे सरलो, आणि साडेअकरा वाजले तरी पिंड जसेच्या तसे. समोरच्या भिंतीवर नऊ कावळे ओळीने बसले होते. मी मोजले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. एरवी उष्ट्या भातावर तुटून पडणारी ही जात, पण त्या दिवशी एकालाही भूक नव्हती. त्यातला एक तर सरळ माझ्याकडे तोंड करून बसला होता आणि मान तिरपी करून बघत होता.

अशा वेळी आपल्याकडे जे करतात ते सगळं झालं. गेलेल्या माणसाची कोणती इच्छा राहिली असेल याचा अंदाज घ्यायचा आणि ती पुरी करण्याचा शब्द मोठ्याने द्यायचा. वहिनी म्हणाल्या, "घराची काळजी करू नका, मी आहे." पुतणी म्हणाली, "बाबा, आईला मी एकटं नाही ठेवणार." मामांनी घसा खाकरून दोन वाक्यं टाकली. कावळे ढिम्म. गुरुजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी दर्भ काढले आणि दर्भाचाच कावळा वळायला घेतला.

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. खरं सांगायचं तर मी चिडलो होतो. ऊन डोक्यावर आलं होतं, गुडघे दुखत होते, पोटात चहासुद्धा नव्हता, आणि तो एक कावळा माझ्यावरची नजर हलवत नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, तुझी गाडी मी चालू करतो."

तो कावळा भिंतीवरून उतरला, चार पावलं चालत आला आणि त्याने पिंडाला चोच लावली. बाकीचे आठ तसेच बसून राहिले.

गुरुजींनी हातातला अर्धामुर्धा कावळा बाजूला टाकला. सगळ्यांना हायसं वाटलं, वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मला मात्र भर उन्हात थंडी वाजली. ती गाडी पस्तीस वर्षांपूर्वी मीच बंद पाडली होती आणि हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

गाडी इटालियन. सव्वाशे सीसी, टू-स्ट्रोक, मूळचा रंग लाल, आता जुन्या चिंचेसारखा काळपट. टाकीवरचं नाव दादाच्या हाती येण्याआधीच कुणीतरी उपटून नेलं होतं, नावाच्या जागी दोन भोकं राहिली होती. कुणा परदेशी इंजिनिअरने ती बोटीने आणली आणि जाताना इथेच सोडली, असं म्हणत. दादाने ती शहाडच्या एका भंगारवाल्याकडून पोत्यांत भरून आणली. फ्रेम एका खेपेला, इंजिन दुसऱ्या खेपेला. तो एका कारखान्यात टूलरूमला फिटर होता. कल्याणच्या आमच्या तळमजल्यावरच्या खोलीसमोर, जिन्याखाली बसून तो दीड वर्ष ती जुळवत होता. जो भाग मिळाला नाही तो त्याने स्वतः घासून, कातून बनवला.

त्याची एक सवय होती. तो जे काही उघडायचा, पंखा असो, शिलाई मशीन असो, आईचा मिक्सर असो, त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्क्रायबरच्या, म्हणजे लोखंडावर रेघ मारायच्या सुईच्या, टोकाने बारीक अक्षरांत लिहून ठेवायचा. काय बिघडलं होतं, काय केलं. दोन-तीन शब्द, तारीख कधीच नाही. "पुढे जो उघडेल त्याला कळायला नको?" म्हणायचा. आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूच्या पोटात असं काहीतरी लिहिलेलं आहे.

ज्यांनी या इटालियन जातीची छोटी गाडी चालवली नाही त्यांना तिचे नखरे सांगून पटणार नाहीत. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. किकही डावीकडे. आपला पाय घाबरला की आजही उजवीकडे दाबतो, आणि तिथे ब्रेक नसतोच. बॅटरी नाही. चावी म्हणाल तर एक खिळा. हेडलाइटच्या डोक्यावरच्या भोकात तो खुपसला की गाडी चालू, उपसला की बंद. दिव्याला वीज थेट इंजिनावरच्या चाकातून, त्यामुळे गाडी पळाली की दिवा पांढरा, मंदावली की पिवळा, आणि नुसती हाताने किक दाबली तरी दिवा क्षणभर डोळा उघडून मिटायचा. कार्ब्युरेटरवर एक लहानशी टिकली असते, ती बोटाने दाबत राहायची. टिक टिक टिक. पेट्रोल बोटावर आलं की मग किक.

आणि कधीकधी ती उलटी चालायची. ही थापेबाजी नाही. टू-स्ट्रोक इंजिनाला पुढचं-मागचं फारसं कळत नाही. किक अर्धवट बसली तर ते उलट्या दिशेने फिरायला लागतं, आवाज तोच, धूर तोच, आणि पहिला गिअर टाकला की गाडी मागे येते. दादा मुद्दाम तसं करून दाखवायचा. गाडी मागे मागे सरकत जिन्याखाली शिरायची आणि तो हसून म्हणायचा, "बघ, हिला घरी यायची घाई असते." मला तेव्हाही ते बघून बरं वाटायचं नाही.

दिसायला मात्र ती देखणी होती. कंबर बारीक, टाकी पुढे निमुळती, हँडल खाली वाकलेलं. उभी असली तरी निघाल्यासारखी वाटायची. गल्लीतल्या जाडजूड गाड्यांमध्ये ती परगावाहून आलेल्या मुलीसारखी उठून दिसे. दादाचं तिच्यावर प्रेम होतं. हे मी लिहितोय म्हणजे पुढे मी काय केलं ते किती वाईट होतं हेही लिहिलं पाहिजे.

मी एकोणीस वर्षांचा होतो. बाबांना अर्धांगवायू झालेला. वाचा गेलेली, उजवी बाजू गेलेली, डावा हात तेवढा थोडा उचलायचा. त्यांचं सगळं अंथरुणातच. फर्स्ट शिफ्ट करून आला की त्यांचं अंग पुसणं, कूस बदलणं, चादर धुणं, सगळं दादा करायचा. आई थकली होती आणि मी अभ्यासाचं पुस्तक तोंडासमोर धरून बसायचो. त्या सुमारास मस्कतच्या एका कामासाठी ट्रेड टेस्ट निघाली. ठाण्यात, टेंभी नाक्याजवळच्या एका वर्कशॉपमध्ये, एकच दिवस, सकाळी नऊला, आपापली हत्यारं घेऊन या. दादा डोळे मिटून पास झाला असता. तो दोन दिवस हवेत होता. आणि मला एकच दिसत होतं, की तो गेला म्हणजे बाबांचं अंग माझ्या हाताखाली आलं. मला त्या वासाची किळस यायची. हेच कारण, याहून मोठं काही नाही.

आदल्या दुपारी दादा कामावर होता, आई शेजारी गेली होती. ते इंजिन उघडायला दादाने मला स्वतःच शिकवलं होतं. बाजूचं कव्हर काढलं, वीज तयार करणाऱ्या चाकाचा नट सोडला, दादाने बनवलेला पुलर लावून चाक शाफ्टवरून ओढलं. चाक नेमक्या जागी बसावं म्हणून मध्ये लोखंडाचा नखाएवढा तुकडा असतो, अर्ध्या चंद्राच्या आकाराचा. फिटर त्याला हाफ-मून म्हणतात, दादा नुसतं चावी म्हणायचा. तो काढून घेतला आणि चाक परत आवळून टाकलं. तो नसला तरी गाडी सुरू होते, काही अंतर बरी पळते. मग एखाद्या धक्क्याला चाक शाफ्टवर सरकतं, ठिणगी भलत्या वेळी पडायला लागते आणि गाडी मरते. कुठे, ते कुणी सांगू शकत नाही.

स्क्रू आवळून मान वर केली तर बाबा बघत होते. त्यांची खाट दारासमोरच होती. डोळे उघडे, तोंड वाकडं, आणि आवाज नाही. मी हात पुसले आणि दार लोटून घेतलं.

कशेळी पुलाच्या अलीकडे ती मेली. दुसरा कुणी असता तर गाडी एखाद्या टपरीवाल्याच्या भरवशावर सोडून, हत्यारांची पेटी घेऊन मिळेल त्या टेम्पोत चढला असता. दादा गाडी रस्त्यात टाकून जाणारा नव्हता. हे मला माहीत होतं, माझी सगळी भिस्त त्यावरच होती. त्याने ती पूल ओलांडून टेंभी नाक्यापर्यंत ढकलत नेली. पोहोचला तेव्हा बारा वाजून गेले होते आणि आत कुणी घेतलं नाही. संध्याकाळी तो टेम्पोतून गाडी घेऊन आला. हात काळे, चेहरा कोरा. "बंद पडली," एवढंच म्हणाला आणि बाबांचं अंग पुसायला गेला. गाडी जिन्याखाली गेली. स्पीडोमीटरचा काटा चाळीसवर अडकला होता, गाडी उभी असूनही तो खाली आला नव्हता.

पुन्हा तशी संधी आली नाही. काही वर्षांनी दादाचा कारखानाही बंद झाला, मग तो लहानसहान वर्कशॉपमध्ये उभ्याने काम करत राहिला आणि पाठ घालवून बसला. बाबा तीन वर्षं जगले. त्या तीन वर्षांत मी त्यांना भरवायला बसलो की त्यांचा डावा हात चादरीवरून हळूहळू उठायचा आणि एक बोट माझ्याकडे व्हायचं. आई म्हणायची, "बघ, तुला ओळखतात हं." मी खाली बघून पुढचा घास कालवायचो.

तो हाफ-मून मी फेकला नाही. बामच्या रिकाम्या डबीत ठेवला. लग्न झाल्यावर डोंबिवलीला राहायला गेलो तेव्हा ती डबीही आली. पुढे जन्मभर मी एका कंपनीत स्टोअरकीपर होतो. एक वॉशर इकडचा तिकडे झाला तरी लोकांवर डाफरायचो.

आता दसऱ्याचं सांगतो. दर दसऱ्याला मी सकाळी कल्याणला जायचो. दादाने पहाटेच गाडी जिन्याखालून बाहेर काढून धुतलेली असायची. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, सीटवर आपट्याची पानं. वहिनी ओवाळायच्या. मग दादा तेल मिसळलेलं पेट्रोल कपाने टाकीत ओतायचा, भोकात खिळा खुपसायचा, टिकली दाबायचा आणि बाजूला होऊन म्हणायचा, "मार किक. बघ लागते का."

मी मारायचो. दिवा डोळा उघडायचा आणि मिटायचा. गाडी लागणार नाही हे मला ठाऊक असायचं, तिचा तुकडा माझ्या कपाटात होता. तरी घाम फुटायचा. दोन-तीन किका झाल्या की मी म्हणायचो, "नाही लागत, दादा."

"नाही ना?" तो म्हणायचा आणि माझ्याकडे बघत उभा राहायचा. जरा जास्तच वेळ. मग, "काय झालं असेल रे हिला?"

"जुनी झाली आता."

"असू दे. चल, श्रीखंड खाऊ."

पस्तीस वर्षं हेच. दोनदा माझं जाणं झालं नाही, एकदा मुलाचा ताप आणि एकदा बायकोचं ऑपरेशन. बाकी प्रत्येक दसऱ्याला ही किक. मला त्या दिवसाची महिनाभर आधीपासून धास्ती असायची. तो एवढा पट्टीचा फिटर, त्याने आख्खी गाडी पोत्यातून उभी केलेली, आणि त्याला हा एवढासा दोष सापडू नये, हे मला कसं खटकलं नाही? खटकलं असेल. मी खटकू दिलं नाही.

दहाव्यानंतर मी तीन रविवार टाळले. वहिनींचा फोन यायचा, "भाऊजी, शब्द गेलाय तुमचा. मला रात्रीची झोप नाही." त्यातच इमारत पाडायला निघाली होती, दिवाळीच्या आत जिन्याखालची जागा रिकामी करायची होती. माझा बेत ठरला होता. डबीतला तुकडा गुपचूप जागेवर बसवायचा, गाडी लावायची, दिलेला शब्द पुरा. तुकडा गेला होता हे कुणाला कळायचंही कारण नाही. माझ्या चोरीवर कायमचं झाकण बसणार होतं.

चौथ्या रविवारी नुसती बघायला म्हणून गेलो. चादर काढली आणि पहिल्यांदा जे दिसलं ते आवडलं नाही. इंजिनाखाली दादाने पुठ्ठा घातलेला होता आणि त्यावर तेलाचा एक थेंब होता, ओला. बोट लावलं तर बोटाला आलं. वर बोल्टला दुसरा थेंब लोंबत होता. पस्तीस वर्षं उभ्या असलेल्या गाडीत ठिबकायला तेल कुठून उरणार? मग सायलेन्सरच्या तोंडात बोट घातलं. गंज निघायला हवा होता. निघाली ती काजळी, काळी, मऊ, तेलकट. एरंडेलासारखा तो जुना वास आला आणि क्षणभर दादा मागे उभा आहे असं वाटलं. मी वळून पाहिलंही. मागे वहिनींनी वाळत घातलेली पायपुसणी होती.

समोरच्या खोलीतल्या आजी दारात येऊन बसल्या होत्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या, आमच्या आईच्या वयाच्या.

"लावतोस काय रे गाडी?" त्या म्हणाल्या.

"बघतो आजी. फार वर्षं बंद आहे."

"बंद खयची? तुझा भाऊ लावायचा की. दसरा झाला की दोन-चार दिवसांनी, दुपारचा. तू येऊन गेलास की मग. जरा वेळ फट् फट् करायची, मग गप."

"आजी, ती पस्तीस वर्षं बंद आहे."

"मग मी काय खोटा बोलतंय? वहिनी तेव्हा बाजारात जायची." त्या जरा थांबल्या. "आणि परवा पण कुणीतरी लावलेली. दहावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. मला वाटलं तूच आलेलास."

मी आलेलो नव्हतो. आजींना हल्ली कमी ऐकू येतं, माणसंही चुकतात, असं मी स्वतःला सांगितलं आणि चादर टाकून निघालो. घरी आल्यावर बोटावरची काजळी साबणाने गेली नाही. जेवताना बायको म्हणाली, "कसला वास येतोय तुला?" मी ताट सरकवून उठलो. कपाटातली डबी काढून कानाशी हलवली. तुकडा आत होता, खळखळला. मग दुसरं कोण, आणि कशाने लावत होतं ती गाडी?

पुढच्या रविवारी सकाळी दहाला डबी खिशात घालून गेलो. वहिनी जिन्याच्या खालच्या पायरीवर ताटात वाल सोलत बसल्या. त्यांनी आपण होऊन दादाची हत्यारांची पेटी आणून दिली. तीच, ट्रेड टेस्टला नेलेली. आतला पुलर फडक्यात गुंडाळलेला होता आणि त्याला तेलाचा हात होता.

कव्हरचे चार स्क्रू मी जोर लावून फिरवायला गेलो आणि ते बोटांनीच फिरले. कव्हर सुटलं, ते वर्तमानपत्रावर पालथं ठेवलं. आत चाक लखलखीत. चाकाला मधूनमधून खिडक्या असतात, त्यातून ठिणगी पाडणारे दोन पॉइंट दिसतात. पॉइंटच्या मध्ये काहीतरी पांढरं होतं. चिमट्याने ओढलं तर कागदाची पट्टी निघाली, घडी घातलेली. तो कागद तिथे असला तर ठिणगी पडूच शकत नाही, गाडी कितीही चांगली असो. ही फिटर लोकांची साधी युक्ती आहे.

पट्टी भिंतीवरच्या कॅलेंडरची होती. उघडून बघितली. गेल्या वर्षीचा आश्विन. मी शेवटची किक मारली तो महिना. म्हणजे तेव्हापासून कागद आतच होता, मग दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी आजींनी ऐकलं ते काय?

पुलर लावला, चाक ओढलं. शाफ्टच्या खाचेत, जी पस्तीस वर्षं रिकामी असायला हवी होती, तिथे हाफ-मून बसलेला होता. कारखान्यातला नव्हे, हाताने घासलेला. कानशीचे ओरखडे मी कुठेही ओळखले असते, एका दिशेला, सारख्या अंतरावर. माझ्या खिशातल्या तुकड्याला जायला जागाच नव्हती.

मग स्क्रू ठेवायला म्हणून कव्हर उलटं केलं.

आतल्या बाजूला, ताटलीएवढ्या जागेत, दोन उभ्या रकान्यांत लिहिलेलं होतं. सगळ्यांत वरची नोंद लांब होती.

चावी नव्हती. नवी घासून बसवली. बाबांनी बोटाने धाकटा दाखवला.

बाबा गेले तेव्हापासून मी त्या बोटाचा विचार केला नव्हता. आता ते बोट माझ्या छातीसमोर होतं, आणि आईचा आवाज, बघ, तुला ओळखतात. दादाला तेव्हाच कळलं होतं. गाडीही तेव्हाच बरी झाली होती.

त्याखाली एकच शब्द होता. विचारलं. त्याखाली पुन्हा, विचारलं. विचारलं. विचारलं. अक्षर वर ठसठशीत, खाली येता येता लहान आणि थरथरतं होत गेलेलं, पण शब्द तोच. एका ठिकाणी, आला नाही. आणखी बरंच खाली दुसऱ्यांदा, आला नाही. मग परत, विचारलं. मी मोजायला लागलो आणि विसावर सोडून दिलं.

दर दसऱ्याला त्याने आत कागद घालून ठेवलेला असायचा, म्हणजे गाडी लागू नये. मी किक मारावी, नाही लागत म्हणावं, त्याने विचारावं काय झालं असेल हिला, आणि मी सांगावं. मग मी श्रीखंड खाऊन डोंबिवलीला गेलो की चार दिवसांनी त्याने कागद काढून ती एकट्याने लावायची, जरा वेळ चालवायची, आत एक शब्द लिहायचा, पुढच्या वर्षासाठी नवा कागद घालायचा आणि झाकण लावायचं. पुन्हा रस्त्यावर त्याने ती कधीच काढली नाही. तो काय मला शिक्षा करत होता की माझी वाट बघत होता, हे आज मला विचारता येत नाही. मला त्याचा रागही आला. एकदा कानाखाली वाजवून मोकळा का झाला नाहीस, असं वाटलं. आणि मग लाज वाटली, अशी की तोंड कुठे लपवावं कळेना.

वहिनी वाल सोलत होत्या. "झालं का भाऊजी?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"होतंच आहे."

मी चाक बसवलं. कागद खिशात घातला. कव्हर लावायला मन होईना, ते तसंच उताणं राहू दिलं. टाकीत कपभर पेट्रोल ओतलं, खिळा खुपसला, टिकली दाबली. टिक टिक टिक. पेट्रोल बोटावर आलं. डावीकडे उभा राहिलो आणि किक मारली.

पहिल्या किकला लागली.

जिन्याखालच्या त्या जागेत केवढा आवाज. दिवा उघडला आणि या वेळी मिटला नाही, पिवळा होऊन माझ्या तोंडावर पडत राहिला. निळसर धूर जिन्याने वर चढला. इंजिन सरळ फिरत होतं की उलटं, हे गिअर टाकल्याशिवाय कळलं नसतं, आणि मी गिअर टाकला नाही. खिळा उपसून बंद करता आली असती, तेही केलं नाही. त्या आवाजात मला कुणी ऐकणार नाही हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि मी बोलायला सुरुवात केली. दिव्याकडे बघत, मोठ्याने. दुपार, पुलर, बाबांचे डोळे, किळस, डबी, सगळं. असं पहिल्यांदाच बोलत होतो, आणि तेव्हाही मला आडोसा लागत होता.

कपभर पेट्रोल किती पुरणार. माझ्या बोलण्याच्या मध्येच गाडी दोनदा अडखळली आणि थांबली, आणि जिन्याखाली माझा एकट्याचा आवाज राहिला. "मी काढली होती, दादा, मीच काढली होती."

समोरच्या आजी दारात आल्या होत्या. वहिनींचे हात ताटात थांबले होते.

"मला ठाऊक आहे ते," वहिनी म्हणाल्या. "दर दसऱ्याला तुम्ही गेलात की हे आत येऊन हात धुवायचे आणि म्हणायचे, यंदा राहिलं, पुढच्या वर्षी सांगेल. शेवटच्या आजारातही म्हणाले, मी नसलो तरी त्याला किक मारायला बोलवा."

त्यांनी पुन्हा वाल सोलायला घेतले. धूर खाली बसत होता. स्पीडोमीटरचा काटा शून्यावर आला होता, कधी आला ते मी पाहिलं नाही. मी खिशातून बामची डबी काढली, तो तुकडा तळहातावर घेतला, आणि तो आता कुणाच्या हातात ठेवायचा ते मला कळेना.